मालक नव्हे, भोगवटादार

वाचकांचे जमीनजुमल्याचे प्रश्न. उत्तरं : एक निवृत्त मंडळ अधिकारी

प्रश्न : भाऊसाहेब, नमस्कार. तुमचं सदर मी अंक रद्दीत द्यायच्या आधी कापून ठेवते. माझा प्रश्न कायद्याचा की घरचा, ते तुम्हीच ठरवा. मुलगा पुण्यात एम.ए. करतो. दिवाळीत फराळाला बसल्या बसल्या म्हणाला, जमिनीला मालक असणं हेच सगळ्या भांडणांचं मूळ आहे, जमीन गावाची हवी. ह्यांनी हातातली चकली ताटात टाकली. म्हणाले, "तुझ्या मेसचे पैसे गावाने भरले का रे? सव्वापाच एकरातल्या कांद्याने भरले." तेव्हापासून बापलेक कामापुरतं बोलतात, तेही माझ्या फोनवरून. खाजगी मालकीने समाजाचं भलं होतं की वाटोळं, एकदा काय ते सांगून टाका. जाता जाता आणखी एक. दोघंही 'आपली जमीन' म्हणतात. सातबाऱ्यावर माझं नाव नाही. मग आपली म्हणजे कोणाची?
– एक वाचक, पुरंदर तालुका

उत्तर : ताई, तुम्ही 'जाता जाता' म्हणून जे लिहिलंत तेच पत्रात सगळ्यात वजनदार आहे. पण आधी बापलेकांचं बघू. नाहीतर तुमचे हे म्हणतील, भाऊसाहेबांनी विषय बदलला.

कपाटातला सातबारा काढा आणि दोघांच्या मध्ये ठेवा. तुमच्या यजमानांचं नाव ज्या रकान्यात आहे, त्याच्या डोक्यावर काय छापलंय ते मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. 'भोगवटादाराचे नाव.' म्हणजे जमीन ज्याच्या ताब्यात आणि वापरात आहे तो. चौतीस वर्षं मी ही नावं लिहिली. आधी शाईने, नंतर लॅपटॉपवर, तेही सर्व्हर चालू असला तर. 'मालक' हा शब्द मला त्या कागदावर कधी लिहावा लागला नाही. आपल्याकडे मालक म्हणजे जमिनीचा धनी आणि बाईचा नवरा, दोघांना एकच शब्द. सरकारी कागदाने निदान एका बाबतीत तरी तो टाळला.

त्याच कागदावर दुसरा रकाना आहे, 'इतर अधिकार'. लोक सातबारा घेतात, नाव बघतात, क्षेत्र बघतात, घडी घालून खिशात टाकतात. इतर अधिकार वाचणारे दोघेच : बँकेचा माणूस आणि ज्याच्याशी भांडण चालू आहे तो. कूळ, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, बहिणीचा हक्क, विहिरीतली पाळी, शेजाऱ्याची वाट, सगळं त्या रकान्यात. मालकी चांगली की वाईट असं कोणी विचारलं की मी म्हणतो, नाव राहू द्या, आधी त्या रकान्यात काय आहे ते दाखवा.

माझ्या घरचंच सांगतो. आजोबा कूळ होते. चार एकर दहा गुंठे कसायचे आणि खळ्यावरून पुण्याच्या मालकाला वाटा पोचवायचे. बांधावर त्यांनी आंब्याची कोय लावली नाही. झाड लावलं की मालकाला वाटायचं, कूळ पाय रोवतंय. उन्हाळ्यात ओढ्यातला गाळ फुकट मिळायचा, तोही कधी शेतात पसरला नाही. पुढच्या साली जमीन दुसऱ्याला दिली तर गाळ त्याच्या ज्वारीला! आजी म्हणायची, परक्याच्या पोराला कोण बाळंतविडा करतं? वाक्य कडू आहे, पण शेती कशी चालायची ते त्यात आलं.

कुळकायदा १९४८चा. त्याची दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणारी बहुतेक कुळं कायद्याने जमिनीची खरेदीदार मानली गेली. फुकट नाही, त्या कायद्याच्या कलम ३२-ग खाली किंमत ठरली आणि हप्ते पडले. आजोबांनी हप्ते फिटायच्या आधीच विहिरीला हात घातला. पस्तीस फुटांवर कातळ लागला. सुरुंगाला पैसे नव्हते तेव्हा आजीच्या पाटल्या गेल्या. तिघा शेजाऱ्यांना बरोबर घेतलं, प्रत्येकाचा चार आणे हिस्सा, पाळी वारावर. किंमत फिटल्याचं, कलम ३२-म चं प्रमाणपत्र आलं ते आजीने हळदकुंकू लावून देवघरात ठेवलं. अजून आहे, कडा उंदराने खाल्ल्यात. आंबाही त्याच साली लागला.

तेव्हा तुमच्या ह्यांचं हे म्हणणं सोळा आणे खरं. हातात कागद नसेल तर माणूस जमिनीत पुढच्या सालापलीकडचं काही पेरत नाही.

पण त्या पुण्याच्या मालकाचंही ऐका. पुढे दुसऱ्या एका सजेला, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीला, असताना तशाच एका घरातला माणूस माझ्याकडे जुने फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी, काढायला आला होता. कुठल्याशा कचेरीतला कारकून. म्हणाला, आमची नऊ एकर गेली आणि वडील त्या धक्क्यातून उठले नाहीत. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. मोठे सावकार कायद्यातून बरोबर सटकले, जमीन भाच्याच्या, मेहुण्याच्या, देवाच्या नावावर केली, आणि सापडले ते असे मधले. तरीही माझं मत विचाराल तर, पंचवीस वर्षं शेताची माती पायाला न लावता जो वाटा घेतो त्याचा हक्क पातळच. त्याला मी चहा दिला, नकला दिल्या. हे मत दिलं नाही.

आता मुलाची बाजू. ती मला त्याच विहिरीने शिकवली.

आमच्या शेजारच्या शेतात नव्वदच्या दशकात एका नव्या खरेदीदाराने बोअर घेतलं. विहिरीपासून साठ पावलांवर, अडीचशे फूट. पहिल्या वर्षी कोणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी संक्रांतीलाच विहिरीचा तळ दिसला. चार घरांचं पाणी एकाच्या उसात गेलं. वडील माझ्याकडे आले. बापाने मुलाकडे नाही, शेतकऱ्याने तलाठ्याकडे यावं तसे, टोपी हातात घेऊन. मला सांगावं लागलं की तो कायद्याने चुकत नाही. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याने आपल्या जमिनीखालचं पाणी उपसायचा हक्क जमीनधारकाला आहे. १९९३च्या राज्याच्या कायद्याने गावच्या पिण्याच्या पाण्यापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी केली, पण आमची विहीर पडली शेतीची. वडील म्हणाले, "पाण्याला बांध कळतो का रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजोबांना उभं करणारी मालकी तीच आणि आमची विहीर बुडवणारीही तीच.

त्या बोअरवाल्याला मी राक्षस समजत नाही. त्याने त्याचा रकाना वाचला, इतकंच. पुढे त्याचंही बोअर आटलं. मग साडेचारशे फूट, मग सहाशे. कर्जाचा बोजा मीच चढवला.

यावर उपाय शोधायला मुलाला परदेशातलं काही वाचायला नको. तुमच्याच तालुक्यातल्या नायगावला पाठवा. १९७२च्या दुष्काळात विलासराव साळुंखे नावाचे पुण्याचे इंजिनिअर-कारखानदार पुरंदरमध्ये फिरले, आणि तिथे देवस्थानची चाळीसेक एकर खडकाळ जमीन कराराने घेऊन त्यांनी पाणी अडवलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम माझ्या पिढीतल्या महसूलवाल्यांना तोंडपाठ आहेत. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर मिळणार नाही, घरातल्या डोक्यांवर मिळेल : माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला फार तर अडीच एकर. ऊस नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकाने आधी भरायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि ज्याला गुंठाभर जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा.

हा शेवटचा नियम मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसलो होतो. भूमिहीन पाणी घेऊन काय करणार, ओंजळीत धरणार? मग उमगलं. त्याच्याकडे पाण्याचा वाटा आहे म्हटल्यावर कोरडी जमीन असलेल्याला त्याच्याकडे जावं लागतं, आणि बोलणी बरोबरीने होतात. बघा, नायगावात जमीन कोणी कोणाची काढून घेतली नाही. सातबारे होते तिथेच राहिले. फक्त पाणी जमिनीपासून सोडवलं.

सगळीच जमीन गावाची, असंही आपल्याकडे झालंय. विनोबा आपल्या गागोद्याचे. १९५१ साली तेलंगणात पोचमपल्लीला त्यांना भूदान सुचलं आणि पुढे अख्ख्या गावाचं ग्रामदान. महाराष्ट्राने १९६४ला ग्रामदानाचा कायदाच केला. पुढे तो कपाटात पडून राहिला. मग २०१३ साली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावाने तो काढून वापरला आणि आपापल्या जमिनी ग्रामसभेच्या स्वाधीन केल्या. कसतो ज्याचा तोच, वारसाने पोरांकडेही जाते, पण परस्पर गावाबाहेर विकता येत नाही. मात्र मुलाला हेही सांगा की त्या गावाने त्याआधी कित्येक वर्षं सर्वसहमतीने कारभार केला होता. २००९ला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, बांबू स्वतः विकला. एकत्र बसायची सवय आधी झाली, मालकी सोडणं नंतर. माझ्या गावाला मारुतीच्या देवळाचा रंग ठरवायला दोन वर्षं लागली आणि अजून मागची भिंत निराळ्या रंगाची आहे. तिथे मी सातबारे गोळा करायला जाणार नाही.

कायद्याचा एकेक दगड दोघांच्या हातात देऊन ठेवतो, पुढच्या दिवाळीला उपयोगी पडेल. मुलासाठी : मालमत्तेचा हक्क घटनेत मूलभूत हक्क होता, १९७८च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो त्या यादीतून काढला. आता तो कलम ३००-अ खाली आहे. सरकार कायद्याने जमीन घेऊ शकतं, हुकमाने नाही. तुमच्या ह्यांच्यासाठी : मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींच्या मालकांनी नेलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये बहुमताने सांगितलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही. काही मानता येईल, सगळी नाही. म्हणजे दिल्लीतही सातबारा अजून दोघांच्या मध्येच पडलाय.

आता तुमचं. 'आपली' म्हणजे कागदावर ह्यांची. नवरा हयात असताना बायकोला त्याच्या जमिनीत आपणहून हिस्सा मागता येत नाही. बापलेकांनी वडिलोपार्जित जमिनीची वाटणी केली तर तेव्हा तुम्हाला मुलाइतका हिस्सा धरावा लागतो, पण त्यासाठी आधी घर फुटायला हवं. मुलगी आहे की नाही ते तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर वडिलोपार्जित जमिनीत तिचा हक्क भावाइतका आहे, जन्मापासून. महाराष्ट्राने १९९४ला तसा कायदा केला, केंद्राने २००५ला, आणि २००५ला वडील हयात असलेच पाहिजेत ही शंका सर्वोच्च न्यायालयाने २०२०ला मिटवली. राखीपौर्णिमेच्या आठवड्यात बहिणींची हक्कसोडपत्रं जास्त होतात, हे माझं निरीक्षण, सरकारी आकडा नव्हे.

दुसरी वाट आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९०च्या आसपास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, शेतकऱ्याने आपणहून जमीन बायकोच्या नावे करायची. पुढे सरकारनेही तेच नाव घेऊन सोय केली : नवऱ्याने अर्ज दिला की पत्नीचं नाव सहधारक म्हणून लागतं. चौतीस वर्षांत अशा नोंदी मी घातल्या अकरा. कर्जाच्या बोजाच्या किती घातल्या त्याची मोजदाद नाही. अकरातल्या दोघांनी वसुलीच्या भीतीने बायकोला पुढे केलं होतं, हेही माझ्या लक्षात आलं होतं. पण नाव लागलं ते लागलं.

नावाने काय फरक पडतो, असं तुमचे हे विचारतील. नाव असेल तर सोसायटीचं कर्ज तुमच्या सहीने, गारपिटीची भरपाई तुमच्या खात्यात. नाव नसेल तर काय, ते मी माझ्या दाराशी बघितलंय. दिवस झाल्यावर पंधरा दिवसांत वारसनोंदीला आलेल्या, जन्मभर त्याच रानात खुरपलेल्या बायका. पायरीवर बसायच्या आणि विचारायच्या, "भाऊसाहेब, माझं नाव लागंल ना?"

बापलेकांचा अबोला आहे ना? अर्ज मुलाला लिहू द्या, अक्षर बरं असेल. खाली सही ह्यांची. तलाठ्याने खोळंबा केला तर मला कळवा.

•

प्रश्न : ठाण्यात २००२ साली फ्लॅट घेतला, कर्ज फिटलं. आता पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली तेव्हा कळलं की इमारतीखालची जमीन अजून बिल्डरच्या नावावर आहे! मग इतकी वर्षं मी कशाचा मालक होतो?
– एक सेवानिवृत्त वाचक

उत्तर : तुमच्या लोखंडी कपाटात सोसायटीचं भागपत्र असेल. बहुधा पन्नास रुपयांचे पाच शेअर, एकूण अडीचशे. त्या अडीचशे रुपयांच्या कागदावर ठाण्या-मुंबईतल्या कोट्यवधींच्या खोल्या उभ्या आहेत. माझ्यासारख्या गावाकडच्या माणसाला याची मौज वाटते. तुम्हाला वाटणार नाही, ते समजू शकतो.

१९६३च्या मोफा या फ्लॅटमालकीच्या कायद्याने सोसायटी झाल्यावर ठरल्या मुदतीत जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) करून देणं, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करणं, बिल्डरचं काम होतं. पुष्कळांनी केलं नाही, कारण चटईक्षेत्र, म्हणजे जागेवर बांधता येणारं क्षेत्र, वाढलं की जमीन ज्याच्या नावे, फायदा त्याचा. २००८च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून ते झालं असं मानायची, सोय झाली. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे जायचं. पुनर्विकासाच्या कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी ते उरका. 'आधी विकास, मग कन्व्हेयन्स' असं सांगणारा कार्यकर्ता सोसायटीत एक तरी असतोच. त्याला नमस्कार करा, सही करू नका.

•

प्रश्न : आमच्या गावच्या गायरानावर सौर प्रकल्प येतोय. आमच्या वस्तीतली चौदा घरं त्यातली जमीन आजोबांपासून कसतात. सरपंच म्हणतात, गायरान सगळ्यांचं आहे, तुम्ही ते खाजगी केलंत, उठा. आम्ही खरंच गावाचं खाल्लं का?
– एक तरुण वाचक, बीड जिल्हा

उत्तर : बाळा, 'सगळ्यांचं' हा शब्द मी नोकरीत फार जपून वापरायला शिकलो. गायरान सगळ्यांचं होतं तेव्हा त्यात गुरं कोणाची चरत होती? ज्याच्या दावणीला वीस त्याची वीस, ज्याच्या दावणीला काही नाही त्याचं काही नाही. आणि तुमच्या वस्तीला बहुतेक गावांत ना सातबारा होता ना दावण. बाबासाहेब आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, १९५९ला आणि पुन्हा १९६४ला, तो पडीक आणि सरकारी जमिनी कसायला मिळाव्यात म्हणूनच. हजारो माणसं तुरुंगात गेली. तुझ्या आजोबांना विचार, हयात असतील तर.

पुढे सरकारने १९९१ला निर्णय काढला. भूमिहीनांनी, मागासवर्गीयांना अग्रक्रम देऊन, १४ एप्रिल १९९०पर्यंत शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमित करायची. तारीख कोणती निवडली ते बघ. पण नियमित करायचं तर कसत होतात याचा पुरावा हवा, आणि तो तलाठ्याच्या दप्तरात. माझ्याच खात्यातल्या काहींनी वस्तीतल्या लोकांची पीकपाहणी, म्हणजे कोण काय पिकवतं ती नोंद, लावली नाही. 'पड' लिहून मोकळे झाले, समोर बाजरी उभी असताना. हे सांगायला मला बरं वाटत नाही.

तेव्हा गाव नमुना एक-ई मागा. ती अतिक्रमणांची नोंदवही. १९९०च्या आधीच्या सालांची नक्कल, माहितीच्या अधिकारात. जोडीला जुन्या सातबाऱ्याची पीकपाहणी, दंडाच्या पावत्या. अतिक्रमण म्हणून कधी दंड भरला असेल तर ती पावती म्हणजे सोनं, सरकारनेच लिहून दिलंय की तुम्ही तिथे होता.

सरपंच बहुधा सर्वोच्च न्यायालयाचा २०११चा जगपालसिंग निकाल दाखवतील. गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, असं त्यात आहे, आणि निकाल मला मनापासून पटतो. आमच्याकडे ओढ्याकाठचं गायरान एका पुढाऱ्याच्या पेट्रोलपंपाने खाल्लं, तेव्हा असा निकाल हाताशी नव्हता. पण त्याच निकालात अपवाद सांगितलाय : सरकारी आदेशाने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिला असेल, किंवा जागेवर शाळा-दवाखाना असेल, तर नियमित करता येईल. ती ओळ लोक वाचत नाहीत. तीही एक प्रकारे इतर अधिकारातच गेली.

निकालाची प्रत काढ, त्या ओळीखाली पेनाने रेघ मार आणि एक प्रत सरपंचांना दे. ग्रामसभेत ठरावाला विषय येईल तेव्हा दोन आकडे टिपून घ्यायचे : त्या गायरानात आज जनावरं किती चरतात, आणि प्रकल्पाचं भाडं वर्षाला किती व कोणाच्या खात्यात. दोन्ही इतिवृत्तात लिहून घे. तोंडी नको.